मिल गेली, मॉल आला: फिटर झालेल्या पोरानं आता काय करावं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नीट समजलो की नाही ते तुलाही कळेल. तू हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यातला, वय 23. वडील वीस-बावीस वर्षं मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यापासून घर चार एकर कोरडवाहू वावर आणि वडिलांची चौकीदारी यावर चाललं आहे. तू आयटीआयला फिटर केलंस, वर्षभर बुटीबोरीला ॲप्रेंटिस होतास, नंतर कंपनीनं ठेवून घेतलं नाही. आता काका म्हणतात, "कारखान्याचे दिवस गेले, नागपूर आता सर्व्हिसचं शहर झालं. दोन एकर वावर विक आन् हॉटेल मॅनेजमेंट कर, नाहीतर मोबाइलचं दुकान टाक." आणि तू विचारतोस, फिटरचं शिक्षण वाया गेलं का, आणि वावर विकावं का?

वावराचं उत्तर लगेच देतो. या दोन कामांसाठी विकू नको. का, ते पुढं सांगतो. फिटरचं उत्तर मात्र लांब आहे. त्यातलं बरंचसं तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला पूर्ण माहीत नाही. माझं सांगायचं तर, नोकरीची सुरुवात मिलच्या हवेच्या प्लँटवर केली, नंतर वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा शिल्प निदेशक, म्हणजे काम शिकवणारा शिक्षक, म्हणून निवृत्त झालो. पोट्टे कुठं लागतात, किती दिवस टिकतात आणि कशामुळं परत येतात, हे जवळून बघत आलो. तुला 'तू' म्हणतो, राग मानू नको, माझे सगळे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असायचे.

काकांचं निम्मं बरोबर आहे. एम्प्रेस मिल नागपुरात 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्यावरून ते नाव. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून इथं मिल का काढली? कापूस इथला, रेल्वे 1867 लाच नागपूरला पोहोचलेली, आणि कोळसा वरोऱ्याकडून मिळणारा. हाच हिशेब करून पुढं हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला इथं मिल उभ्या राहिल्या. मग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमचं कापड स्वस्त पडू लागलं, लोक टेरिकॉट घालू लागले, आणि आपल्या मिलमधली यंत्रं मात्र आजोबांच्या काळातली राहिली. 1974 ला केंद्रानं आजारी मिल ताब्यात घेतल्या तरी नवीन यंत्रं पुरेशी आली नाहीत, तोटा तेवढा सरकारी झाला. एम्प्रेस ऐंशीच्या दशकात टाटांच्या हातून सुटून राज्याच्या महामंडळाकडं गेली आणि 2002 ला बंद झाली. गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर आता मॉल आहे. अचलपूरची फिनले मिल तर अगदी अलीकडची, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली.

उरलेलं निम्मं चूक आहे, आणि तुझ्या निर्णयात तेच महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट, नागपूर कधीच नुसतं मिलचं शहर नव्हतं. 1956 पर्यंत ते आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं. सचिवालय, हायकोर्ट, 1923 चं विद्यापीठ, रेल्वे, संत्र्याचा आणि कापसाचा व्यापार, हे सगळं होतंच. मिल गेली तेव्हा नागपूरचा एक पाय मोडला, बाकीच्यांवर ते उभं राहिलं. पुलगाव, हिंगणघाट, अचलपूर यांचं तसं नव्हतं. तिथं मिलच्या भोंग्यावर बाजार चालायचा. पगाराच्या दिवशी उधारी फिटायची, मिलच्या वेळेवर चहाटपऱ्या उघडायच्या. त्या गावांत मिलची जागा भरून काढेल असं दुसरं फारसं काही आलं नाही. नोकरी उद्योगातून सेवेकडं गेली असं पुस्तकात लिहितात, पण आपल्याकडं ती त्याच वेळी तालुक्यातून नागपूरलाही गेली. हा दुसरा बदल तुझ्या खिशाला जास्त लागणार आहे, कारण खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मिलच्या कामगाराला नव्हता.

दुसरी गोष्ट, कारखाने संपलेले नाहीत. तुझ्या गावाहून नागपूरला जाताना जाम सोडलं की पुढं बुटीबोरी लागते, तू तिथंच होतास. हिंगण्याची औद्योगिक वसाहत आहे, अंबाझरीची आयुध निर्माणी आहे, कोराडी-खापरखेड्याचे वीज प्रकल्प आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाचं पीएम मित्र पार्क व्हायचं आहे, त्याचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात झालं. हे लोक माणसं घेत नाहीत असं नाही, कायम माणसं कमी घेतात. कंत्राटदाराकडून घेतात, ॲप्रेंटिस घेतात, वर्ष संपलं की नवी बॅच. तुझ्या बाबतीत तेच झालं. तुझ्या हातात कसब नव्हतं म्हणून काढलं, असं मनात घेऊ नको.

आणि ज्याला काका सर्व्हिस म्हणतात त्यात तरी काय आहे? नागपूर विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतलं सॉफ्टवेअरचं ऑफिसही सर्व्हिस आणि त्याच्या गेटवर बारा तास उभा राहणारा गार्डही सर्व्हिस. एम्समधले डॉक्टरही आणि तिथं फरशी पुसणारी बाईही. देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, पण कामकऱ्यांमध्ये त्यांचा वाटा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या घरात. म्हणजे पैसा जास्त आणि माणसं कमी, आणि त्या माणसांतही वरच्याला भरपूर, खालच्याला किमान वेतन. त्यामुळं 'सर्व्हिसमध्ये जाऊ का' याला उत्तरच नाही. तिथं कोणत्या दारानं शिरणार, यावर सगळं आहे.

हे दार म्हणजे काय ते मिलमधल्या एका उदाहरणानं सांगतो.

सूत कोरड्या हवेत तुटतं. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो, आणि विणाई खात्याला तो ऐंशीच्या आसपास लागतो. त्यामुळं प्रत्येक मिलमध्ये हवेचा एक प्लँट असायचा. एक लांबोडकी खोली, तिच्यात पाण्याच्या फवाऱ्यांच्या नोझलांच्या रांगा. बाहेरची गरम हवा त्यातून ओढायची, थेंब अडवायला नागमोडी पत्रे, मग मोठ्या पंख्यानं ती हवा डक्टमधून खात्यात सोडायची. ड्यूटीवरचा माणूस खात्यात फिरून दोन थर्मामीटर बघायचा, एक कोरडा, एकाच्या बल्बवर ओली चिंधी. दोन्हींतला फरक काढून तक्त्यावरून ओलावा किती ते वहीत लिहायचा. नोझल चोंदली की काढून साफ करायची, पंप आवाज करू लागला की बेअरिंग बघायचं, पट्टा सैल झाला की ताणायचा. मिलमध्ये या कामाला फार मान नव्हता. मान होता तो रिंग फ्रेमवरच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरच्या लोकांना. भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावण्यात त्यांचे हात असे चालायचे की नवा माणूस बघत राहायचा.

मिल बंद पडली तेव्हा रिंग फ्रेमवरचा तो जलद हात कुणालाच नको होता. तसं यंत्रच दुसरीकडं नव्हतं. त्यातले कितीतरी जण चौकीदार झाले, हमाल झाले, भाजीची गाडी लावली. हवेच्या प्लँटवरचा माझा एक सोबती मात्र थोड्याच दिवसांत नागपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये लागला. का? ऑपरेशन थिएटरला हवाच लागते. तिथली हवा तासाला वीसेक वेळा बदलावी लागते, तापमान आणि ओलावा ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. आतला दाब बाहेरच्या पॅसेजपेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तर हवा आतून बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. फिल्टर जास्त बारीक, कंट्रोल पॅनेल नवीन, हे त्याला शिकावं लागलं. पण पंखा, पंप, बेअरिंग, पट्टा, डक्ट, ओलं-कोरडं तापमान हे सगळं त्याच्या ओळखीचंच होतं. कापडाच्या धंद्यातून तो आरोग्याच्या धंद्यात गेला, काम मात्र तेच राहिलं. त्याच्यापेक्षा रिंग फ्रेमवरची माणसं कमी हुशार नव्हती. त्यांचं कसब एका यंत्राला बांधलेलं होतं, याचं मोकळं होतं.

आता तुझं फिटरचं शिक्षण या नजरेनं बघ. फाइल मारणं, डायल गेज लावून पंप आणि मोटारीचं कपलिंग एका रेषेत आणणं, बेअरिंग न ठोकता नीट बसवणं, सील बदलणं, ड्रॉइंग वाचणं. हे कुठं लागतं? प्रत्येक मॉलच्या तळघरात, प्रत्येक हॉस्पिटलच्या गच्चीवर. एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या चिलरचे पंप, आगीचे पंप, सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, लिफ्ट, जनरेटर, ऑक्सिजनची पाइपलाइन. बाहेरून काचेची इमारत दिसते, पण ती चालवायला फिटर लागतो. आयटीआयमधून बाहेर पडलेले माझे जे विद्यार्थी आज नागपुरात स्थिर आहेत, त्यातले बहुतेक असेच इमारतीच्या पोटात काम करतात. समोरच्या काउंटरवर गेलेले पोट्टे दोन-तीन वर्षांत गावाकडं परतलेले मी जास्त पाहिले.

तुला एक भर घालावी लागेल. नुसता फिटर हा यंत्राचा अर्धाच भाग ओळखतो, विजेचा भाग आला की इलेक्ट्रिशियनला हाक मारतो. मिलमध्ये हे चालायचं, माणसं भरपूर होती. हॉस्पिटलच्या रात्रपाळीत एकच माणूस असतो. म्हणून एसी-रेफ्रिजरेशन, लिफ्ट किंवा साध्या मोटार-पॅनेलचं काम, यातलं एक शीक. पुन्हा दोन वर्षं बसायची ऐपत असेल तर त्यापेक्षा डिप्लोमा बरा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. तुझं गणित कसं आहे ते तू लिहिलं नाहीस. गणित कच्चं असेल तर डिप्लोमाचं पहिलं सत्र जड जातं, हे आधीच सांगतो. आणि ॲप्रेंटिसशिपची अखेरची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलंस का? कितीतरी पोरं वर्ष भरतात आणि परीक्षेला बसत नाहीत. रेल्वे, आयुध निर्माणी, कोळसा खाणींची वेकोलि, वीज बनवणारी महानिर्मिती यांच्या जागांना तो कागद कामी येतो. त्या जागा निघतात तेव्हा अर्ज लाखांनी येतात हे खरं, पण ते प्रमाणपत्र पदरी असावं.

इंग्रजीची भीती फार लोक घालतात. तुला भाषण करायचं नाही. पॅनेलवर आलेला एरर कोड वाचता यावा, मॅन्युअलमधलं ते पान शोधता यावं आणि लॉगबुकमध्ये दोन ओळी लिहिता याव्यात, एवढं पुरे. त्यापेक्षा अवघड आहे ते माणसाशी बोलणं. मिलमध्ये तुझ्या वडिलांना मुकादम सोडून कुणाशी बोलावं लागत नव्हतं. इथं थिएटरचं तापमान दोन डिग्री चढलं की डॉक्टर स्वतः फोन करतो आणि आवाज चढलेला असतो. त्यावेळी "बघतो सर" एवढंच म्हणून फोन ठेवणारा आणि "सर, फिल्टर चोंदलाय, वीस मिनिटं लागतील" असं सांगणारा, यांच्या पगारात पुढं फरक पडतो. यंत्र दोघंही सारखंच दुरुस्त करतात.

आता पगाराकडं येऊ, कारण मिल आणि आजची नोकरी यातला खरा फरक मला तिथं दिसतो. तुझ्या वडिलांना पगाराबरोबर पीएफ होता, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा दवाखाना होता, बोनस होता, ग्रॅच्युइटी होती. एम्प्रेसमध्ये तर 1886 लाच पेन्शन फंड सुरू झाला होता, कायदा यायच्या कितीतरी आधी. आज तेच कायद्यानं पुष्कळांना आहे, पण मिळतं का ते कागदावर तुझा मालक कोण आहे यावर ठरतं. इमारत हॉस्पिटलची, चिलर कंपनीचा, आणि तुझं नेमणूकपत्र देखभालीचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीचं. तिघांपैकी तुझा धनी तिसरा.

समज, एजन्सीनं 14,000 सांगितले आणि ते सगळे मूळ वेतन आहे. त्यातून तुझा 12 टक्के पीएफ, म्हणजे 1,680 जातील. ईएसआयचे पाऊण टक्का, 105. व्यवसाय कर 200. हातात 12,015. खोली वाटून घेतलीस आणि मेस लावलीस तर पाच-सहा हजार तिथं. उरलेल्यातून प्रवास, मोबाइल, घरी पाठवायचे. पोरं इथं म्हणतात, "सर, पीएफ कापू नका म्हणतो, हातात जास्त येते." असं कधीही म्हणू नको. मालकानंही तेवढेच 1,680 भरायचे असतात, त्यातले 1,166 पेन्शन खात्यात आणि 514 पीएफमध्ये. तुझे आणि त्याचे मिळून महिन्याला 3,360. एजन्सीवाला खूश होऊन तुझं ऐकेल, कारण त्याचे वाचतात. आणि 21,000 पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय आहे. 105 रुपयांत आई-वडिलांचाही दवाखाना होतो, ते तुझ्यावर अवलंबून असल्याचं दाखवता आलं तर. हे खेड्यातल्या घरासाठी लहान काम नाही. आपल्याकडं एक मोठं आजारपण आलं की वावर गहाण पडतं.

काही ठिकाणी दुसरी चलाखी असते. 18,000 सांगतात, त्यात मालकाचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. हातात किती, मूळ वेतन किती, हे वेगवेगळं विचारायचं. नेमणूकपत्रावर तुला काय म्हटलंय तेही बघायचं. 'हेल्पर' लिहिलं असेल तर तू अकुशल धरला गेलास, किमान वेतनही त्याच दरानं आणि तीन वर्षांनी मिळणारं अनुभवपत्रही हेल्परचं. तू आयटीआय फिटर आहेस, 'टेक्निशियन' किंवा 'फिटर' लिहून घे. सुरुवातीला पाचशे कमी मिळाले तरी चालतील, पद बरोबर पाहिजे.

ग्रॅच्युइटीचं दुखणं वेगळं. नेहमीच्या नोकरीला सलग पाच वर्षं लागतात. कंत्राट दोन-तीन वर्षांनी बदलतं, माणूस तोच, जागा तीच, एजन्सी नवी आणि नेमणूकपत्र नवं. पाच वर्षं कधी भरतच नाहीत. सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे, म्हणून तुझा करार कोणत्या प्रकारचा आहे हे विचारून घे.

एवढं सगळं वाचून तू म्हणशील, मग दुकान काय वाईट? दुकानाचा मालक तरी मीच.

इथं मी थोडं वेगळ्या बाजूनं विचार करतो. नागपूरच्या सेवांमध्ये येणारा पैसा येतो कुठून? हॉस्पिटलचे पेशंट छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, यवतमाळ, गडचिरोली, चंद्रपूरकडचे. कॉलेजची फी भरणारे बाप वर्धा-भंडाऱ्याचे. सरकारी पगार, रेल्वे, कोळशाच्या खाणी, वीज प्रकल्प यांचे पगार. म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या उत्पन्नावर ते शहर चालतं, एक बाजू पडली तरी दुसरी असते. हिंगणघाट तालुक्यातल्या मोबाइलच्या दुकानात येणारा पैसा मात्र एकाच जागचा, कापूस आणि सोयाबीनचा. दिवाळीपासून होळीपर्यंत गिऱ्हाईक, पुढं पेरणीला सगळे स्वतःच उधारी मागत फिरतात. भाव पडला की तेही नाही. त्यात मोबाइल लोक ऑनलाइन मागवतात, तुझ्याकडं काच बदलायला येतात. दुरुस्ती येत असेल तर दुरुस्तीचं लहान दुकान चालतं, पण तुला ती येते असं तू लिहिलं नाहीस. आणि शिकायला दोन एकर विकावे लागत नाहीत.

हॉटेल मॅनेजमेंटबद्दल एवढंच, की ज्याला स्वयंपाकाची किंवा माणसांत वावरण्याची खरी आवड आहे, तो त्यात वर चढतो. तुझ्या पत्रात ती आवड कुठं दिसली नाही, फक्त काकांनी सुचवलं एवढंच दिसलं.

वावर विकण्याबद्दल दोन गोष्टी कायद्याच्या. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुझ्या बहिणीचाही बरोबरीचा वाटा आहे, 2005 च्या दुरुस्तीपासून. तिच्या सहीशिवाय व्यवहार केलात तर घरात भांडण ठरलेलं. दुसरं, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेणं सोपं नाही. दोन एकर राहिले तर तू शेतकरी राहशील, पण आज दोन विकले की उरलेले दोन पाच वर्षांत विकले जातात, हे मी फार घरांत पाहिलं. चार एकरांवर पीक कर्ज मिळतं, दोनवर निम्मं. आणि विहीर किंवा ओलिताची सोय होण्यासारखी असेल तर हिशेबच बदलतो. तुझ्या शेजारच्या वावरात पाणी लागलंय का, हे तू लिहायला हवं होतं.

पैशाची अडचण असेल तर वावराआधी घरातली एक जुनी पेटी उघड. वडिलांनी मिलमध्ये वीस वर्षं भरली, म्हणजे नोव्हेंबर 1995 नंतर पीएफ पेन्शन योजनेत त्यांचं नाव असणार. दहा वर्षांची सेवा भरली असेल तर 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे. 50 नंतर लवकरही घेता येते, पण दर वर्षामागं चार टक्के कमी होते. किमान पेन्शन 1,000 आहे, फार नाही, पण जन्मभर आहे आणि मागं आईला राहते. त्यांचा पीएफ नंबर, जुनी पगाराची स्लिप, ओळखपत्र, जे सापडेल ते काढ. आधारवरचं नाव आणि मिलच्या कागदावरचं नाव जुळतं का बघ. बहुतेकांचे अर्ज तिथंच अडतात, 'नामदेव'चं 'नामदेवराव' झालेलं असतं. मिलच्या अवसायनात, म्हणजे बंद मिलची मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या कारवाईत, कामगारांचे दावे अजून बाकी आहेत का, तेही युनियनच्या जुन्या माणसाला विचार.

आतापर्यंत मी तुला नागपूरकडंच ढकलत आलो असं वाटेल. तसं नाही. घरी आईवडिलांजवळ राहायची गरज असेल तर तालुक्यातही फिटरला काम आहे, फक्त ते हंगामी आहे आणि दोन हंगाम जोडावे लागतात. दसरा-दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायचं काम, सुरू होतं. तिथल्या जिनच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात, त्यांना मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात, त्या झिजल्या की रुई सुटत नाही आणि सरकी फुटते. हंगामात जिन बंद राहिली तर मालकाचे ट्रॅक्टर गेटबाहेर उभे राहतात, त्यामुळं रोलर आणि सुरीचं अंतर नीट लावणाऱ्या माणसाला तो रात्रीही बोलावतो आणि पैसे देतो. हे काम मार्चपर्यंत. मार्चनंतर आपल्याकडं उन्हाळा, एसी, फ्रिज, कूलर, दूध संकलनाचे चिलर. एसीचं काम तू शिकलास तर तोच माणूस दोन्ही हंगाम काढतो. मधल्या पावसाळ्यात वावर आहेच. सौर पंपही आता वावरावावरात आले, त्यांच्या दुरुस्तीला माणूस सापडत नाही अशी कास्तकारांची ओरड आहे.

या वाटेत पीएफ नाही, पगारी सुट्टी नाही, हात मोडला तर ईएसआय नाही. लग्न जमवताना मुलीचे वडील नागपूरची नोकरी आहे का विचारतात, हेही खरं. पण खोलीभाडं वाचतं आणि वावर पडीक राहत नाही. मला विचारशील तर तुझ्या वयाला मी आधी दोन-तीन वर्षं नागपूर करायला सांगीन. मोठ्या प्लँटवर जे शिकायला मिळतं ते तालुक्यात मिळत नाही. तिथून परत आलास तर कसब घेऊन येशील. उलट आधी गावात बसलास आणि तिशीत नागपूरला गेलास, तर तिथं तुला विशीतल्या पोरांच्या हाताखाली हेल्पर धरतील. वडिलांची तब्येत बरी नसेल तर मात्र माझा हा सल्ला बाजूला ठेव, तिथं तू जास्त जाणतोस.

नागपूरला मुलाखतीला गेलास की तीन प्रश्न विचार, ते वाईट मानत नाहीत. पीएफचा यूएएन, म्हणजे तुझा कायमचा खाते क्रमांक, पहिल्याच महिन्यात चालू होतो का. नेमणूकपत्रावर पद काय लिहिणार. आणि चिलर किंवा लिफ्टच्या कंपनीचं प्रशिक्षण मिळतं का, की फक्त फिल्टर धुवायचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर पगार बरा असला तरी दुसरीकडं बघ.

रुजू झाल्यावर सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून ठेव. पहिल्या पगाराची कपात साधारण पुढच्या महिन्यात तिथं दिसायला हवी. स्लिपवर कापलेले 1,680 आणि पासबुकात शून्य, असं सलग दोन महिने झालं तर सुपरवायझरच्या तोंडी आश्वासनावर थांबू नको. स्लिपचे फोटो काढ, पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाक आणि तक्रारीचा नंबर जपून ठेव. तू एकटा तक्रार करायला घाबरत असशील तर त्याच एजन्सीच्या दोघा-तिघांना बरोबर घे, त्यांचंही तेच झालेलं असतं.